कोंबड्यांना लागणाऱ्या राखेसाठी पेटवलेली चूल

मी, नारायण सखाराम जाधव, वय अठ्ठ्याहत्तर, चौथी उत्तीर्ण, राहणार हर्सूल, आज घडलेले खरे तेच कोंबडीपालकांच्या व्हॉट्सॲप गटास कळवतो.

सकाळी माझ्या दिवंगत पत्नीच्या कोंबड्यांच्या पिसांत उवा आढळल्या. मुलगा म्हणाला, "आप्पा, इकून टाका आता. कोण बघतंय त्यांच्याकडं?"

"मी बघतो," मी म्हणालो.

उवा जाव्यात म्हणून त्यांना लोळण्यासाठी पत्नी कोरडी माती, राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला एकत्र करीत असे. ती गेल्यापासून चूल बंद, म्हणून राख नव्हती. आज केवळ राखेसाठी मी चूल पेटवली. कोंबड्या लोळल्या. सून रडली. मला काही वाटले नाही.

पाल्याचे प्रमाण कोणास ठाऊक असल्यास कळवावे.

समक्ष हजर : सून सुनंदा, आणि न सांगता पाला घेऊन आलेला मुलगा दत्ता.