शेजाऱ्याच्या हद्दीतला पिंपळ

आमच्या शेजाऱ्यांशी माझं पटत नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नाही. जठारपेठेच्या मागच्या गल्लीत आमची दोन घरं अंगणाला अंगण लावून उभी आहेत. ते निवृत्त अधिकारी, गावाकडे काळी जमीन, दर शनिवारी मारुतीला तेल. आमच्याकडचा चहा त्यांना कधी चालला नाही. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, असं कारण असायचं. समोरच्यांच्या घरी मात्र बासुंदीची वाटी चाटूनपुसून संपवताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. आई म्हणते, सोड. मी सोडत नाही.

दोन्ही अंगणांच्या मध्ये एक झाड होतं. ते बाबांनी लावलेलं. बाबा वाढले जुन्या शहरात, भाड्याच्या एका खोलीत, जिथे अंगण म्हणजे समोरची नाली. हा प्लॉट घेतला तेव्हा त्या खोलीच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं एक रोप त्यांनी अलगद काढलं, डालड्याच्या डब्यात लावलं आणि ऑटोत मांडीवर घेऊन इथे आणलं. "बोधिवृक्ष हाय," म्हणाले. तेव्हा ना त्यांचं घर होतं ना आमचं, कुंपणही नव्हतं. बाबांनी अंदाजानं खड्डा खणला. पुढे दर बुद्धपौर्णिमेला आईबाबा पांढरे कपडे घालून बुंध्याशी मेणबत्ती लावायचे. बाबा गेले, तरी आईनं ते चुकवलं नाही.

शेजाऱ्यांनी घर बांधायला काढलं, मोजणी झाली, आणि झाड त्यांच्या हद्दीत निघालं. हातभरच आत, पण त्यांचं. त्यांनी ते त्याच दिवशी तोडलं असतं. पण पिंपळ तोडला की वंश बुडतो, असं त्यांच्या बायकोनं डोक्यात घेतलं होतं, आणि खरं म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं. म्हणून कंपाउंडची भिंत घालताना बुंध्यापाशी जागा सोडावी लागली. त्या फटीतून आई मेणबत्ती लावायची. मुळांनी भिंतीला तडे गेले, पाखरांनी त्यांची गाडी रंगवली, आणि ते दात-ओठ खात गप्प राहिले. झाड जिवंत होतं ते केवळ पिंपळ असल्यामुळे. मला त्यांची ती भीती फार आवडायची.

मग कुणीतरी त्यांच्या मोबाइलवर झाडं ओळखायचं अ‍ॅप टाकून दिलं. झालं! रोज सकाळी भिंतीवरून हात लांबवून आमच्या अंगणाचे फोटो काढणं सुरू. आमच्या कढीपत्त्याला ते अ‍ॅप कडुनिंब म्हणालं. आईच्या गवती चहाला नुसतंच गवत. "तुमच्याकडं अर्धं तणच हाय," असं ते मला हसत हसत सांगायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या कुंड्यांतलं प्लास्टिक ओळखतं का विचारा, असं मी म्हणालेसुद्धा.

एक दिवस त्यांनी मोबाइल झाडाकडे वळवला. पहिल्यांदा पिंपळ आलं. दुसऱ्या पानाचा फोटो काढला तर पायर. तिसऱ्यांदाही पायर. ही पिंपळाच्याच गोतातली, तशाच पानांची, पण तिला कुणी हात जोडत नाही. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांच्या हातातला मोबाइल आमच्या हौदात बुडवावासा वाटला.

अ‍ॅपला काय कळतं, असं मी घरात चार वेळा बोलले. पण मनात किडा वळवळत राहिला. त्या महिन्यात बार्शीटाकळीला नात्यातलं लग्न होतं. आईचं माहेर तेच. तिथे रस्त्याकडेच्या मोठ्या पिंपळाचं एक पान मी पर्समध्ये टाकून आणलं आणि घरी येऊन आमच्या झाडाच्या पानाशेजारी ठेवलं. पिंपळाच्या पानाला उंदराच्या शेपटीसारखं लांब टोक होतं. आमच्या पानाचं टोक पेरभरही नाही, आणि देठ लालसर. मी दोन्ही पानं चुरगाळून केराच्या डब्यात टाकली आणि वर कांद्याची सालं टाकली. आईला हे कळता कामा नये, आणि त्यांना तर मुळीच नाही.

पण त्यांची तयारी झाली होती. महानगरपालिकेची परवानगी आणली, कुऱ्हाडवाला आणला. अडलं ते कुऱ्हाडवाल्यापाशी. "पिंपळ असन तर मी हात लावत नाही. मोबाइलचं मले सांगू नका, माणसानं सांगा," म्हणाला. घरात त्यांची सून गरोदर. बायको दारात उभी राहून नको नको म्हणून राहिली होती. शेवटी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आमचं फाटक उघडलं. चपला बाहेर काढल्या आणि अंगणात आईसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी रोज पंचशील म्हणता, मले ऐकू येते. तुमी खोटं बोलत नाही. तुमीच सांगा, हा पिंपळ हाय का नाही?"

"पिंपळच हाय, काका!" मी आतून ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

आईनं ओले हात पदराला पुसले. झाडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "पायर हाय ते," म्हणाली.

दुपारपर्यंत झाड आडवं झालं. संध्याकाळी ती फट विटांनी बुजवली गेली. मी मोरीत भांडी आपटत होते. राग शेजाऱ्यांवर होताच, पण त्याहून जास्त आईवर. शेवटी फाटकन बोललेच. एक शब्द खोटा बोलली असती तर बाबांचं झाड वाचलं असतं.

"तोंडानं रोज म्हणाचं आन गरज पडली का सोडून द्याचं काय?" ती म्हणाली.

"तुले कवापासून मालूम होतं?"

"पयलं पान फुटलं तवापासून. बार्शीटाकळीले आमच्या घरापुढं पिंपळ होता."

"मंग बाबाले कावून नाही सांगितलं?"

"त्यानं कधी इचारलंच नाही. मांडीवर डबा घेऊन आला, लेकरू आणल्यावानी. कोण सांगन?" मग एक ताट उचलून पुसत म्हणाली, "यानं इचारलं."

त्या रात्री मी जेवले नाही. ती जेवली.

बुद्धपौर्णिमेला तिनं नव्या भिंतीच्या पायाशी मेणबत्ती लावली. मी शेजारी उभी राहिले, पण हात जोडताना माझ्या डोक्यात शिव्याच होत्या. पावसाळा गेला आणि त्या कोऱ्या भिंतीच्या वरच्या थरात, सिमेंट जिथे घाईत कच्चं राहिलं होतं तिथे, एक रोप उगवलं. पाखरांनी आणून टाकलं असणार. शेजाऱ्यांना वाटलं, तोडलेल्या झाडाचंच बी रुजलं. एका सकाळी खांद्यावर नातू घेऊन ते भिंतीशी आले, एका हाताची बोटं रोपाच्या बुडाशी घातली आणि आईला हाक मारली.

"बाई, हे तेच ना? पायर? टाकतो उपटून."

मीही पुढे झाले. बोटाएवढंच रोप, पण पानाला लांब शेपटी होती. मला दिसली. पण मी सांगून उपयोग नव्हता. माझा शब्द त्यांच्या लेखी काय होता ते मला माहीत होतं.

आईनं चष्मा लावला. पान दोन बोटांत धरून नीट पाहिलं.

"नाही," म्हणाली. "हा पिंपळ हाय."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि नातवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. खिशातला मोबाइल काढला नाही. पक्कं का, असंही विचारलं नाही. त्यांना विचारायची गरजच नव्हती.

"मंग आता?"

"आता राहू द्या," आई म्हणाली आणि भाजी निवडायला आत गेली.

भिंत अजून नवी आहे, पण तडा दिसायला लागलाय. आमच्या बाजूनं मी रोज सकाळी तिच्यावर पाणी मारते.