गुडघा फिरला तेव्हा कुणीच आलं नाही

बारावीला मी जालन्यात मावशीकडे राहायचे आणि कॉलेजच्या संघातून खो-खो खेळायचे. त्या हिवाळ्यात गावी, पिंपळगाव रेणुकाईला, वडिलांचं एक अंग लुळं पडलं. भाऊ म्हणाला, "खेळ बस झाला, आता स्थळं बघू." माझी झोप उडाली, अन्न गोड लागेना. हे मी फक्त संघातल्या माझ्या जिवलग मैत्रिणीला सांगितलं होतं.

निवड सामन्याच्या सकाळी मी तिला म्हणाले, "पाय जड झालेत गं. डोकं ठिकाणावर न्हाई. सरांना सांगू का?"

"येडी हायेस का? मी हाय ना. खेळ बिनधास्त."

मी उतरले. दुसऱ्या डावात समोरची मुलगी खांबाला वळसा घालून निसटली. एरवी मला ते आधीच कळलं असतं. त्या दिवशी मी उशिरा वळले, पाऊल मातीत रुतलं आणि गुडघा फिरला.

पुढे कित्येक दिवस मावशीच्या घरी खाटेवर पडून मी दाराकडे कान लावून असायचे. संघातली एकही जण आली नाही. शेवटी मावशीच मैदानावर जाऊन आली. फार खोदून विचारल्यावर बोलली.

"सरांनी पोरींना मनाई केली. तुझा पाय बघून भितील म्हणे. अन् ती तुझी मैत्रीण सगळ्यांना सांगून राह्यली, घरच्या टेन्शननं हिचं ध्यानच नव्हतं, मी नको म्हनलं तरी हट्टानं उतरली."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. विश्वासानं सांगितलेलं तिनं साऱ्या मैदानात पसरवलं होतं, तेही उलटं करून.

मावशीनं गुडघा शेकला, मला हाताला धरून चालवलं, स्थळ घेऊन आलेल्या भावाला दारातूनच परत पाठवलं. मी चालू लागले. पळणं मात्र कायमचं गेलं.

पुढे मी भोकरदनला शाळेत खेळ शिकवू लागले. एखादी चपळ मुलगी अचानक चुकायला लागली, की मी तिला बाजूला बसवून आधी घरचं विचारते.

बऱ्याच वर्षांनी अंबडला एका लग्नात ती मैत्रीण भेटली. माझा हात धरून म्हणाली, "तूच परत आली न्हाईस गं ग्राउंडवर. आम्ही किती वाट पाह्यली!"

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं. मी हात सोडवून घेतला आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले.