चेहऱ्यापुरतं ऊन

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गुडगावला ऑफिसात होते. दादा गेला असं ती म्हणालीच नाही. "मंजू, ती प्लेट धुवायची कशी गं? यांनी तुला काही सांगितलं होतं का?" एवढंच तिने विचारलं आणि मला कळलं. दादा असेपर्यंत त्याच्या प्लेटांना हात लावायची आमची कुणाची टाप नव्हती.

सुधाकर, माझा थोरला भाऊ. उभी हयात त्याने दिल्लीच्या नारायणा भागातल्या छापखान्यात ऑफसेटच्या प्लेटा करण्यात घालवली. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर हिरवा लेप. उजेड पडेल तिथला लेप घट्ट होतो, अंधारात राहिलेला धुतला की निघून जातो. पुढे कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघायला लागली, जुन्या प्लेटांचे खोके भंगारात निघाले आणि हा पठ्ठ्या ते पटपडगंजच्या फ्लॅटवर घेऊन आला. लाकडी पेटीचा कॅमेरा केला, जुन्या प्रोजेक्टरचं भलंथोरलं भिंग बसवलं आणि त्या प्लेटांवर निगेटिव्ह काढायला लागला. पांढरं असेल ते गडद हिरवं, काळं असेल ते नुसता पत्रा. प्लेट इतकी मंद, की तासन्‌तास ऊन पाहिजे. एवढा वेळ कोण बसणार? म्हणून हा झोपलेल्या माणसांच्या निगेटिव्ह काढायचा. रविवारी जेवून गच्चीत सतरंजीवर जरा आडवं झालं, की याची पेटी रोखलेलीच. मी घोरते म्हणून माझी हनुवटी पुसट आली, असं तो येईल त्याला सांगायचा.

त्याची स्वतःची मात्र एकही नव्हती. फुप्फुसं निकामी होत चालल्यावर डॉक्टरांनी बजावलं, हिवाळ्याआधी दिल्ली सोडा. मी पुण्याची तिकिटं काढली. नेमकं तेव्हाच वहिनी म्हणाली, "अहो, एकदा तुमचीही काढा ना. मला हवीय." झालं! हा हटून बसला. मी ओरडले, "फोनवर दहा फोटो काढते दादा, पण चल!"

"फोनवर कुणीही काढतं यार. तिने प्लेट मागितलीय. आजवर कधी काही मागितलं नाही गं तिने... एक दिवस नीट ऊन पडू दे, फिर चलते हैं."

ते ऊन पडलंच नाही. दिवाळी सरली आणि धूर खाली बसला. दिवसभर पाणी घातलेल्या ताकासारखा उजेड. मी त्यांच्याकडेच मुक्काम ठोकला होता. रोज सकाळी दादा मला गच्चीत पिटाळायचा, "हाताची सावली पडते का बघ." सावली नसायचीच. जो धूर त्याचा श्वास खात होता तोच त्याचं ऊनही खात होता आणि हा त्याच धुरात उन्हाची वाट बघत बसला होता. मला आभाळाचा राग यायचा, दादाचा यायचा आणि खरं सांगायचं तर वहिनीचाही यायचा.

एक दिवस पुसटशी सावली पडली. वॉचमनने आणि मी त्याला खुर्चीसकट वर नेलं. पांढरा कुर्ता घातला होता. ऑक्सिजनची नळी त्याने नाकातून काढली. "नळीसकट नको." वहिनी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर स्टुलावर बसली, एक हात त्याच्या छातीवर, दुसऱ्या हातात नळी. मधूनमधून ती नाकाशी धरायची, तो मान फिरवायचा. "आता मीच बेस्ट मॉडेल. हलतोय कुठे!" म्हणाला, आणि खोकला सुरू झाला. थांबेचना. मी भिंगावर झाकण लावायला धावले, तर त्याने हात वर केला. "लावू नकोस... अजून पुरला नाही उजेड." वहिनी रडत होती, पण छातीवरचा हात तिने तसूभरही हलवला नाही. संध्याकाळी त्याला हॉस्पिटलात नेलं. तिथून तो आलाच नाही.

दिवस-कार्य उरकल्यावर मी त्या दिवशी काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली ती प्लेट काढली. बाथरूममध्ये, पिवळ्या बल्बखाली, त्याला कितीदा तरी करताना पाहिलं होतं तसंच डेव्हलपर ओतून हलकेच स्पंज फिरवला. कुर्ता आला, गडद हिरवा. त्यावर वहिनीचा हात, पाची बोटं, बांगड्यासुद्धा, पत्र्यात कोरल्यासारखा. वर पांढऱ्या केसांच्या जागी थोडा हिरवा धूर... आणि उजेड न पुरलेला चेहरा माझ्या डोळ्यांदेखत स्पंजाबरोबर निघून गेला. मी पाणी ओतलं, ओतत राहिले, पण काही उरलं नव्हतं.

वहिनी दारातच उभी होती. तिला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "बघ, तुझा हात किती स्पष्ट आलाय."

"हात माझाच आहे गं. तो आहेच माझ्याकडे. हे कुठायत?"

होळी झाली आणि आभाळ निवळलं. परवा गेले तेव्हा वहिनी गच्चीत होती. दादाच्या रिकाम्या खुर्चीत तिने ती प्लेट उभी करून ठेवली होती आणि उन्हाबरोबर खुर्ची सरकवत होती. मला बघून म्हणाली, "आता चांगलं ऊन आहे. अजून थोडा वेळ ठेवली तर येईल का गं चेहरा?" धुतलेला लेप परत येत नाही, हे इतकी वर्षं त्या घरात काढलेल्या बाईला ठाऊक नाही असं नाही. मी खुर्चीचा दुसरा हात धरला, तिच्याबरोबर ती उन्हात सरकवली आणि हो म्हणाले.