ज्या लॉजमध्ये झोपलो नाही त्याचं बिल

नव्या अकाउंटंटनं माझा खर्चाचा कागद परत सरकवला तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो, आणि तोवर माझा कागद कोणी परत केलेला नव्हता. हे आधी सांगतो, म्हणजे मी का भडकलो ते कळेल.

सुरतेजवळच्या इच्छापोरच्या एका कंपनीत मी वजनकाट्यांचा फिटर होतो. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी ज्याच्यावर चढवून तोलतात तो मोठा काटा. शाळा चौथीपर्यंत, तीही खानदेशात, त्यातली अर्धी गुरांमागे गेली. पण काट्याखालच्या खड्ड्यात उतरलो की कोणती दांडी कुठे घासते ते मी कानानं सांगायचो. उसाचा हंगाम लागला की बारडोलीच्या बाजूच्या साखर कारखान्यांची कामं यायची. लिंबायतच्या घरून माझी स्कूटर निघायची. पायाशी हत्यारांची पेटी आणि मागे माझा जोडीदार, तोही फिटर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. माझ्या स्कूटरवर बसून यायचा आणि स्टँडवर पडलेली एस.टी.ची तिकिटं उचलून स्वतःच्या खर्चाला लावायचा. मी बोललो नाही कधी. त्याची भाकरी त्याच्याजवळ.

हंगामात दिवसा काटा बंद ठेवता येत नाही, गाड्यांची रांग असते. रांग संपली की आम्ही खड्ड्यात. काम उरकायला एक-दीड वाजायचा, आणि पाचला पहिली गाडी काट्यावर चढणार तेव्हा आम्ही तिथं उभे पाहिजे. मग गावातल्या लॉजवर जाणार कोण? काट्याच्या खोलीत पोती टाकून आडवे व्हायचो. जुने मेहताजी हिशेबाला होते तोवर प्रश्न नव्हता. ते विचारायचे, "किती किलोमीटर, किती रात्री?" मी सांगायचो, ते लिहायचे. स्कूटरचे किलोमीटरप्रमाणे, रात्रीचा ठरलेला भत्ता. मेहताजी गेले आणि हा आला. गोरा, शिकलेला, शर्टच्या खिशात दोन पेन.

"काका, अकरा रात्री लिहिल्यात. लॉजची बिलं कुठे?"

"लॉजमध्ये राहिलोच नाही तर बिलं कुठली?"

त्यानं मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. बिल असेल तर तो प्रवासखर्च, त्याला टॅक्स लागत नाही. बिल नसेल तर तो पगार, तो पगारात धरायचा. ऑडिटवाले त्याला विचारणार. मी म्हटलं, "पगार कसा? मी काय घरी झोपलो?"

"मला काय माहीत तुम्ही कुठे झोपलात."

हे माझ्या डोक्यात गेलं. अकरा रात्री पोत्यावर काढलेल्या माणसाला हा पंख्याखाली बसून विचारतो. मी म्हटलं, "कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर बघा. संध्याकाळी आत गेल्याची वेळ आहे, दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्याची आहे. मधे मी उडून गेलो का?"

"रजिस्टर म्हणजे बिल नाही, काका."

बाहेर आलो तर जोडीदार हसत उभा. "एवढ्याचं काय घेऊन बसलात? चला माझ्याबरोबर." पुढच्या फेरीला मला स्टँडजवळच्या एका लॉजवर घेऊन गेला. गल्ल्यावरच्या माणसानं आमच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही, सरळ बिलबुक ओढलं.

"नाव काय टाकू? किती रात्री?"

मी विचारलं, "खोली आहे का?"

"आज खोली नाही. बिल आहे."

एका बिलाचे दहा रुपये. तुमच्या कंपनीचे सगळे फिटर इथूनच नेतात म्हणाला, तुम्हीच तेवढे बाकी होता. जोडीदारानं माझ्या अकरा बिलांचे पैसेही स्वतः काढून ठेवले. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य करतो. पण मी ती बिलं उचलली नाहीत आणि परत येईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

याचं कारण नव्या अकाउंटंटनं बिलांबरोबर भरायला दिलेला फॉर्म होता. गुजरातीत छापलेला. गुजराती मी बसच्या पाट्या वाचून शिकलो, त्यामुळे एक एक अक्षर लावत जातो. शिकलेली माणसं भराभर सही ठोकतात. मला वेळ लागतो, म्हणून मी खालपर्यंत वाचतो. अगदी तळाला बारीक अक्षरात होतं, की वर लिहिलेल्या लॉजमध्ये मी प्रत्यक्ष राहिलो आणि हे खरं असल्याचं लिहून देतो. अकाउंटंट म्हणायचा, "काका, एटलुं शुं वांचो छो? सही करो ने." इतकं काय वाचता म्हणे. शाळेतलं विसरून गेलो होतो, बत्तीस वर्षांचा होईपर्यंत मी अंगठा लावत होतो. कारखान्यातल्या पाट्यांवरून अक्षरं गिरवून सही बसवली. ती खोट्याखाली टाकायला बसवली नव्हती.

घरी बायकोनं ऐकून घेतलं. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे होते आणि पत्रेवाल्याला तिनं त्या पैशांवर शब्द दिला होता. ती पाट्यावर मिरची वाटत होती, ती थांबलीही नाही.

"सगळ्या जगाला बिलं मिळतात, तुम्हालाच लाज येते."

"मी लॉजात राहिलो नाही."

"मग आते तुमनी सहीले फोडणी देऊ का?"

मी जेवलो नाही. तिनंही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात ती मला जे बोलली त्यातलं हे सगळ्यात लागलं, कारण तिचंही बरोबर होतं.

मार्च जवळ आला तसा अकाउंटंट नरम पडला. माझा एकट्याचाच कागद लटकला होता. मला आत बोलावून चहा मागवला आणि हळूच म्हणाला, "काका, रात्री सोडा. किलोमीटर वाढवून लिहा. तेवढे पैसे तिकडून निघतील." मी स्कूटरच्या मीटरचा आकडा जाताना-येताना वहीत लिहायचो, कंपनीला एक किलोमीटर जास्त लावला नाही. काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा माप वाढवायला सांगतो. चहा तसाच ठेवून उठलो.

मग शेटनं बोलावलं. शेट माणूस भला, पण त्यानं खिशातून नोटा काढल्या. "राखो काका, मारा तरफथी. माझ्याकडून समजा, अकाउंटमध्ये नको घालायला."

"शेट, बक्षीस नको. माझे आहेत तेच द्या."

"अरे, पण मग पगारात धरावे लागतील. टॅक्स कापला जाईल तुमचा."

ओव्हरटाइम धरून मी टॅक्सच्या हद्दीच्या अगदी काठावर होतो, या अकरा रात्री घातल्या की पलीकडे पडत होतो. अकाउंटंटनं आकडा करून दाखवला. कंपनीला किरकोळ, मला नव्हती. एक पत्रा तरी आला असता त्यात.

मी म्हटलं, "कापा."

अकाउंटंट म्हणाला, "काका, फुकट जातील." मी त्याच्याकडून कोरा कागद मागितला आणि मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात: मी लॉजमध्ये राहिलो नाही, काट्याच्या खोलीत झोपलो, अकरा रात्री. खाली सही केली. टॅक्स कापून उरलेले पैसे घेतले, आणि कापल्याचा दाखलाही मागून घेतला.

कंपनीत मला 'इन्कम टॅक्सवाले काका' म्हणायला लागले. म्हणोत. मला हसण्याचा राग नाही. राग याचा येतो, की खोट्या बिलाला पूर्ण पैसे आणि खऱ्या रात्रीला कात्री, आणि हा नियम कोणाला उलटा वाटलाच नाही. पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये 'बिल नाही' असा नवा रकाना छापला. नोकरी सुटेपर्यंत दर हंगामात तो मी भरला, टॅक्सची हद्द वाढून माझं कापणं बंद झालं तरी भरला. दुसऱ्या कोणी भरला नाही. जोडीदार माझ्या शेजारीच झोपायचा, थंडी पडली की माझंच पोतं ओढायचा. कागदावर मात्र त्या खोलीत मी एकटा होतो.