दादाची टोपी आणि विमानतळावरची रेल्वे

माझा मोठा भाऊ परदेशातल्या रेल्वेत बसला, तेव्हा तो अमरावतीच्या दवाखान्यात पलंगावर झोपलेला होता.

हसू नका. आमच्या घरी हे चालतं. प्रवासाच्या दिवशी वार वाईट असला की आई आदल्या चांगल्या दिवशी आमचा एखादा कपडा, मूठभर तांदूळ आणि सुपारी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. याला म्हणायचं प्रस्थान. वस्तू घराबाहेर पडली म्हणजे माणूस निघाला! मग तो माणूस घरात बसून भाकर का खाईना. (एकदा शेजारच्या बकरीने माझं प्रस्थान खाल्लं आणि त्या वर्षी मी गणितात नापास झालो. दोष बकरीचा, असं मी अजूनही मानतो.)

तर दादाला रेल्वेचं वेड होतं. लहानपणी आई मेथीची आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, टोपली डोक्यावर घेऊन बार्शीटाकळीहून अकोल्याच्या बाजारात जायची. आई बांधावरून धावत येताना दिसली की गार्ड तोंडाशी नेलेली शिट्टी खाली करायचा. एका टोपलीसाठी आख्खी गाडी थांबायची! मला त्यात फक्त टोपली दिसायची, दादाला गाडी दिसायची. पुढे त्याने अमरावतीत भाजीची अडत टाकली, मी अकोल्यात हारफुलांचं दुकान. मी दुकानातच बसलो आणि दादा देशभर ज्या-त्या रेल्वेत बसत सुटला.

त्याच्यासारख्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. कोण कुठल्या रेल्वेत बसला ते तिथे सांगायचं. मिळकत शून्य, भांडणं भरपूर! कुठली रेल्वे हिशेबात धरायची आणि कुठली नाही, हे ठरवायचे अमरावतीचे गावंडे सर, निवृत्त गणित शिक्षक. बागेतली झुकझुक गाडी त्यांनी बाद केली. रोपवे बाद. मोनोरेलवरून दादाचं आणि त्यांचं असं वाजलं, की त्या दसऱ्याला दोघांनी एकमेकांना सोनं दिलं नाही.

मग दादाच्या किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं आणि सगळ्या देशाची रेल्वे पालथी घालणारा माणूस घर ते दवाखाना एवढ्याच मार्गावर उरला. त्याची एकच हौस राहिली होती, परदेशातली एक तरी रेल्वे. तेवढ्यात आमच्या मुलाने मला आणि माझ्या बायकोला, कमलला, ऑस्ट्रेलियाला बोलावलं. वाटेत एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं आणि एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला तिथे म्हणे गाडी होती. हे मला माहीत नव्हतं. दादाला पलंगावर पडून माहीत होतं!

"ते कुठं रेल्वे असते, दादा? डायवर नाही, तिकीट नाही, गाव नाही. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाते!"

"तुले काय करा लागते? तू बसजो फक्त."

"मी बसून तुले काय मिळन?"

त्याने उशीखालून आपली पांढरी टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. "आईचं प्रस्थान इसरला काय? हे टोपी घेऊन जाय. टोपी बसली म्हंजे मी बसलो."

मी हो म्हणालो. त्याच्या हाताची सूज पाहून नाही म्हणायची माझी काय टाप!

ग्रुपवर वणवा पेटला. गावंडे सरांनी निकाल दिला, "रबरी चाकं असतील तर ती बस. शिवाय टोपी हा प्रवासी नव्हे." त्यावर दादाने धापा टाकत आवाजी निरोप पाठवला, "सर, काशीले गेले तवा तुमचं प्रस्थान आमच्या घरी ठेवलं होतं. थे चालते, अन् माही टोपी काहून चालत नाही?" सर नरमले. मग आलं, "फोटो पाहिजे. टोपी आणि गाडी एकाच फोटोत."

या एका वाक्याने माझा घात केला.

विमानतळावरची गाडी झोकात आली. मी टोपी खिडकीशी ठेवली, शेजारी कमलला बसवलं आणि टोपी व गाडी एकाच फोटोत यावी म्हणून बाहेर उतरलो. मोबाइल डोळ्याला लावला, तोच दारं बंद! माझ्या डोळ्यांदेखत गाडी निघाली. आत बायको, बायकोच्या पर्समध्ये दोघांचे पासपोर्ट आणि खिडकीत दादा.

मी मागच्या गाडीत चढलो. कमल तिकडे उतरून मला शोधायला परतीच्या गाडीत बसली. मधे दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. काचेपलीकडून तिने हात हलवला. मीही हलवला. (अशा वेळी माणूस दुसरं काय करणार?) पलीकडे उतरून मी परत फिरलो, तर ती पुन्हा माझ्याकडे निघालेली! अखेर एकदाची ती फलाटावर सापडली. पर्स खांद्याला, हात मोकळे.

"टोपी?"

"मले काय मालूम? मी तुमाले शोधून राहिली होती. टोपी तिथंच असन!"

गणवेशातली एक बाई दिसली, तिच्याकडे धावलो. इंग्रजी जेवढं येत होतं तेवढं सगळं एकदम बाहेर काढलं, "माय ब्रदर! इन ट्रेन! अलोन! व्हेरी सिक!"

माझी शपथ, त्या क्षणी मला टोपी आठवलीच नाही. मला दादाच गाडीत दिसत होता, एकटा, सुजल्या हातांचा.

त्या बाईने वय विचारलं. मी दादाचं सांगितलं. तिने कानातल्या यंत्रात काहीतरी सांगितलं आणि गाड्या थांबल्या! घोषणा झाली. चाकाची खुर्ची धावली, औषधाची पेटी धावली, सगळा फलाट माना उंचावून पाहू लागला. जरा वेळाने दोन माणसं ती खुर्ची ढकलत परत आली. खुर्चीत टोपी होती.

बाईने एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "इज धिस युवर ब्रदर?"

मी "येस" म्हणालो आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडलो. ती रागावली नाही. टोपी तिने दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. आमचं पुढचं विमान तोवर उडून गेलं होतं.

तिथूनच दादाला फोन लावला. तो इतका हसला, की वहिनीने फोन काढून घेतला. मग त्याने तो परत मागितला.

"गाडी थांबवली म्हनतं? माह्यासाठी?"

"हो ना, दादा. तुह्यासाठी."

"मंग ते रेल्वेच आहे, गड्या! चाकं रबराचे असो का मेनाचे. आईच्या टोपलीसाठी थांबे ते रेल्वे, अन् माह्या टोपीसाठी थांबली ते काय बस?"

त्याचं हे शेवटचं हसणं मी ऐकलं. आम्ही ऑस्ट्रेलियात असतानाच दादा गेला. तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याच्या प्रत्येक प्रवासाला मी हार घेऊन स्टेशनवर जायचो, आणि शेवटच्याच वेळी मी फुलवाला असून माझा हार नव्हता. हे दुःख जात नाही.

तेरवीला गावंडे सर आले. दादाच्या फोटोला हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "धरली."

"काय, सर?"

"त्यांची परदेशी रेल्वे. फोटो नसला तरी. धरली." आणि चष्मा पुसता पुसता म्हणाले, "तुमची नाही धरली. तुमचा तो प्रवास नव्हता, शोधाशोध होती."

निघताना वहिनीने मी परत आणून दिलेली टोपी पुन्हा माझ्याजवळ दिली. अमरावतीहून अकोल्याला येताना मी ती खिडकीशी ठेवली आणि बाहेर पाहत बसलो. बडनेऱ्याला एक म्हातारे गृहस्थ चढले.

"टोपी उचला, भाऊ. बसू द्या."

"मानूस आहे तिथं."

"कुठं गेला?"

मी टोपीवरून हात फिरवला. त्यांनी माझा मुंडण केलेला माथा पाहिला आणि पलीकडच्या बाकावर दाटीत बसले.

अकोला आलं. मी डोळे पुसत उतरलो, पूल चढलो, ऑटोत बसलो, घरी पोचलो. कमलने दार उघडलं आणि माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"टोपी?"

गाडी तर मुंबईकडे गेली होती! घाबरत गावंडे सरांना फोन लावला. त्यांनी गाडीचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "जाऊ द्या. पुढचं सगळं धरतो मी त्यांचं."

या वेळी मी गाडी थांबवायला कुणाला सांगितलं नाही. कमल मात्र दारातच बसून पदराने डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता म्हणाली, "काहो, सख्ख्या भावाले मानूस दोन दोन डाव गाडीत इसरते काय?"