जाऊबाईंची मिसरी

चाकणात सूर्य उगवतो तो माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या परवानगीनंच, असं मला लग्न झाल्यापासून वाटत आलं आहे. त्यांची मिसरी भाजून झाल्याशिवाय आमच्या आळीतली एकही बाई कामाला हात लावत नसे. परसातल्या चुलीवर खापर ठेवून त्या तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजत. त्या वासानं कुत्रीसुद्धा शिंकत पळत, बायका मात्र डब्या घेऊन धावत येत. मग ओट्यावर ओळीनं बसून दात घासणं, थुंकणं आणि हसणं. दाढ दुखली, मिसरी. पोट फुगलं, मिसरी. नवऱ्याशी भांडून आलेल्या शेजारणीलाही त्यांनी चिमूटच दिली, "लाव आन् घटकाभर गप बस. राग उतरतोय." आणि खरंच उतरला!

मला ती कधी सोसली नाही. नवी नवरी असताना पहिल्याच चिमटीला भोवळ आली आणि मी सासूबाईंच्या पायांवर ओकले. जाऊबाई पोट धरून हसल्या, "धाकटे, तुझं तोंड लई सोवळं गं!" तेव्हापासून त्या ओट्यावर नि मी आत चुलीशी. बाहेर हशा झाला की माझा हात भाजे. माझी मुलगीसुद्धा त्यांच्याच मांडीवर जाऊन बसे. पाहुणे येत ते विचारत, "थोरल्या वहिनी कुठं आहेत?" मी समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी असे.

गेल्या साली त्यांच्या उजव्या गालात, मिसरीची चिमूट धरून ठेवायच्या जागी, पांढरा चट्टा आला. तिखट झोंबू लागलं. त्यांनी औषध केलं तेही मिसरीचंच. लावली की जागा बधिर होई, म्हणून त्या दिवसभर लावू लागल्या. चट्ट्याची जखम झाली, ती भरेना. सासूबाई म्हणाल्या, "कुनाची तरी नजर लागली." आळीत त्यांचा हेवा करणारी मी एकटीच, त्यामुळे मी दोन दिवस मान वर केली नाही.

शेवटी थोरल्या दिरांनी त्यांना पुण्याच्या दवाखान्यात नेलं, सोबतीला मला. डॉक्टर म्हणाले, "हा कॅन्सर आहे. वर्षानुवर्षं तंबाखू एकाच गालात धरून ठेवलीत, त्यानं झालाय."

"अवो, अख्खी आळी लावतीया. बाकी कुनाला न्हाई झाला त्यो?" जाऊबाईंनी विचारलं.

"सगळ्यांना होतोच असं नाही. पण लावणाऱ्यांना फार होतो. त्यांनाही तपासायला आणा."

जाऊबाईंनी कमरेची डबी पदराआड सारली.

कॅन्सर जाळायला गालाला विजेचा शेक दिला. आता तोंड बोटभरच उघडतं. बायका अजून येतात, डबी पदराआड लपवून. परवा मी त्यांच्याजवळ बसून भाकरी नि ठेचा खात होते. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "किती सुखानं खातीस गं, धाकटे."

यांनी एकदा तरी माझा हेवा करावा, म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती. हातातला घास मी परत ताटात ठेवला. ठेचा बाजूला सारला, दोघींची भाकरी एकाच वाडग्यात दुधात कालवली, एक घास त्यांना बोटानं भरवला आणि दुसरा मी घेतला.