एक सोडून एक कोपरा

आमचे हे सुतार. चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या, पण एक काटकोन चुकला नाही, असं हेच सगळ्यांना ऐकवायचे. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि कारखाना बंद करावा लागला. तेव्हापासून सहा महिने हा माणूस खिडकीपाशी मिठाची गुळणी धरून बसलेला. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. मला घर खायला उठायचं.

लेक शाळेत रसायनशास्त्र शिकवते. नवीनच लागली आहे. एक दिवस वहीचा कागद घेऊन आली. "बाबा, मिथेनची वीस मॉडेलं करून द्याल? मधे कार्बन, त्याला चार हायड्रोजन. सोमवारी मोठ्या बाई माझा तास बघायला येणार आहेत."

यांनी कागद घेतला आणि चक्क चष्मा मागितला! मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

चार दिवस घरभर नुसता भुसा. शनिवारी वीस मॉडेलं टेबलावर मांडून हे ऐटीत उभे. मधे मोठा मणी, चार बाजूंना चार काड्या, टोकांना छोटे मणी. गुण्या लावून बघा, चारही काटकोन! आणि सगळी पत्त्यांसारखी सपाट.

लेकीचा चेहरा पडला. "बाबा, हे सपाट नसतं हो."

"तुझ्या कागदावर तर असंच आहे!"

"कागदच सपाट ना! चुकलं माझंच, सांगायला हवं होतं. बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या. त्या एकमेकींना ढकलतात, जमेल तितक्या लांब पळतात. सपाट बसल्या तर दोघींमध्ये नव्वदच अंश. वर-खाली पसरल्या तर एकशे साडेनऊ."

"एकशे साडेनऊ? हा काय कोन झाला?" हे कडाडले आणि एकदम मटकन खाली बसले. "राहू दे. बाजारातून आण. माझ्याच्यानं आता काही व्हायचं नाही."

आता हे त्या खिडकीपाशी गेले की पुन्हा उठायचे नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग माझंही टाळकं सरकलं. "चाळीस वर्षं काटकोनाची फुशारकी मारलीत, आणि एका वाकड्या कोनाला घाबरलात? शोभतं का?"

हे पुटपुटत मागच्या खोलीत गेले. शिव्या मलाच असणार, असू देत.

रविवारी सकाळी बघते तर हे फाशासारखा, सगळ्या बाजू सारख्या असलेला लाकडाचा ठोकळा हातात फिरवत बसलेले. लेकीला हाक मारली. "चौघांना लांब लांब बसवायचं ना? याला कोपरे आठ. एक सोडून एक धरला की उरतात चार, आणि त्यातले कुठलेच दोन शेजारी नाहीत. या चारांतून नेमकं मध्याकडे भोक पाडायचं."

तिनं काड्या खोचल्या, कोनमापक लावलं आणि किंचाळलीच. "एकशे साडेनऊ! अहो बाबा, बरोब्बर!"

"येणारच. ठोकळा काटकोनातला आहे."

दिवसभर आम्ही तिघं राबलो. हे भोकं पाडत होते, लेक काड्या खोचत होती आणि मी मणी बसवत होते. माझी बोटं सोलली, पण तक्रार कोण करतंय!

सोमवारचा तास झकास झाला. मोठ्या बाई एक मॉडेल स्वतःच्या टेबलावर ठेवायला घेऊन गेल्या. संध्याकाळी लेक नवा कागद घेऊन हजर. "आता अमोनिया. नायट्रोजनला हायड्रोजन तीनच."

"आणि चौथा कोपरा? रिकामा?"

"तिथे इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते. तिच्या टोकाला कुणी नसतं, पण बाकीच्या तिघांना ती सारखी ढकलते. उलट जास्तच जोरात. म्हणून त्यांच्यातला कोन थोडा आवळतो."

यांनी कागदावरून मान वर केली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "यासाठी मॉडेल कशाला? तुझी आई आहे की."

आणि स्वतःच खो खो हसत सुटले. सहा महिन्यांनी! मी डोळे वटारले, "लाज नाही वाटत?" म्हटलं. पण खरं सांगते, असं ढकलणारी म्हणून कुणी ओळखावं, याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.